साथी श्वान

साथी श्वान : अंध किंवा अल्पदृष्टी असलेल्या मुलाच्या घरी सोबतीसाठी दिलेला, शिकवून तयार केलेला कुत्रा. मार्गदर्शक श्वान हार्नेस घालून माणसाला रस्त्याने नेतो, अडथळे चुकवतो, पायरीशी थांबतो. साथी श्वानाकडे हे काम नसते. ब्रिटनमध्ये मार्गदर्शक श्वानाला दुकानांत आणि बसमध्ये मिळणारा प्रवेशाचा हक्कही त्याला नाही.

असे कुत्रे मार्गदर्शक श्वान घडवणाऱ्या संस्थांकडूनच येतात. ब्रिटनमधील ‘गाइड डॉग्ज’ (स्थापना १९३४) आणि कॅलिफोर्नियातील ‘गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड’ (१९४२) या त्यांतील प्रमुख. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा त्यांच्या संकरातील एखादा कुत्रा रहदारीला बुजतो, खारीमागे धावतो, म्हणून मार्गदर्शनाच्या कामातून बाद होतो. मात्र स्वभावाने शांत आणि माणसाळलेला असेल, तर मुलाच्या घरी तो उत्तम रुळतो.

न दिसणाऱ्या मुलाला खेळात सवंगडी सहज मिळत नाहीत. पडेल, धडकेल या धास्तीने मोठी माणसेही त्याला एका जागी बसवून ठेवतात. कुत्र्याच्या गळ्यातल्या घंटेचा माग काढत ते उठते, अंगणभर फिरते. अंग विंचरताना कान, पाठ, पंजे हाताने ओळखते. वाडग्यात खाणे घालणे, पाणी भरणे ही कामे त्याची स्वतःची होतात. एरवी ज्याची सगळे काळजी घेतात, ते मूल इथे दुसऱ्या जिवाची काळजी घेते; या योजनेचे खरे मोल यातच आहे.

लहान मुलांना सहसा मार्गदर्शक श्वान देत नाहीत. कुत्र्याला सिग्नलचे रंग वाचता येत नाहीत. रस्ता केव्हा ओलांडायचा हे माणसाने कानाने ठरवायचे असते. त्यासाठी दिशाज्ञान पक्के हवे आणि कुत्र्याची जबाबदारी पेलण्याची समजही हवी. अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ (१९२९) या संस्थेत किमान वय १६ आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील ‘मीरा’ने मात्र १९९१पासून ११ ते १६ वर्षांच्या मुलांनाही मार्गदर्शक श्वान दिले.

साथी श्वानाचे औषधपाणी, फिरवणे, खर्च हा भार पालकांवरच असतो. कुत्रा घरी आला म्हणून पालकांनी मुलाचे पांढऱ्या काठीचे शिक्षण लांबवू नये.