तळटीप : कम्युनिटी कॉलेज

* कम्युनिटी कॉलेज : अमेरिकेतील दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय. आज चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुने, इलिनॉयमधील जोलिएट ज्युनिअर कॉलेज, १९०१ साली सुरू झाले. ‘ज्युनिअर’ म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे. इथे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवतात. लिबरल आर्ट्‌सचा विद्यार्थी निबंधलेखन, इतिहास, मानसशास्त्र, गणित, प्रयोगशाळेसह एखादे विज्ञान असे साधारण ६० श्रेयांक मिळवून ‘असोसिएट’ पदवी घेतो आणि बहुधा विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातो. कोणते श्रेयांक धरायचे हे पुढचे विद्यापीठ ठरवते. म्हणून पहिल्याच सत्रात समुपदेशकासमोर बसून विषयांची यादी पक्की करावी लागते. अंतिम पदवीपत्रावर नाव विद्यापीठाचे असते. पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कित्येकांना उच्च शिक्षणाचे दार याच कॉलेजांनी उघडून दिले, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. — संपादक