डॉ. मॅनफ्रेड ब्लॉयलर यांचे छिन्नमनस्कतेवरील संशोधन

‘स्किझोफ्रेनिया’ (छिन्नमनस्कता) हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये मांडला. त्यांचे पुत्र डॉ. मॅनफ्रेड (१९०३-१९९४) यांचे कार्य मात्र आम्हांस अधिक मोलाचे वाटते. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात १९४२-४३ मध्ये दाखल झालेल्या २०८ रुग्णांचा त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ स्वतः मागोवा घेतला, घरी परतलेल्यांचाही. हा आजार उत्तरोत्तर बळावतच जातो, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. साधारण पाच वर्षांनंतर प्रकृती सहसा आणखी ढासळत नाही, पुष्कळांची सुधारते, काही जण पूर्ण बरे होतात, असे त्यांच्या १९७२ च्या ग्रंथाने दाखवले. रुग्णांच्या अपत्यांपैकीही बहुसंख्य निरोगी आढळली. सोयरीक जुळवताना ‘त्या घरात वेड आहे’ म्हणून पाठ फिरवणारे आपल्याकडेही आहेतच.