दिनविशेष : ३० एप्रिल – डिजिटल सुगम्यतेचा हक्क

२०२५ मध्ये आजच्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला आणि ई-केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याची प्रक्रिया, दिव्यांगांसाठी सुलभ करण्याकरिता २० निर्देश दिले. या प्रक्रियेतील कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना व दृष्टिहीनांना बँक खात्यापासूनच दूर ठेवत होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार घेणारा हा निर्णय देशभर बंधनकारक असल्याने, मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यातही त्याची अंमलबजावणी हे बँका व शासकीय कार्यालयांचे कर्तव्यच आहे.