घट आणि गर्भ

कुंभकोणमपासून सुमारे २० किलोमीटरवर, वेट्टार नदीच्या काठी, तिरुक्करुगावूर हे गाव आहे. संबंदर व अप्पर या ७व्या शतकातील शैव संतांनी हे क्षेत्र गाइले. पुढे १६७६ ते १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांची गादी होती, तेव्हा हा मुलूखही मराठी अंमलात होता. येथील देवी गर्भरक्षांबिका. वेदिका नामक ऋषिपत्नीचा गर्भ शापाने गळाला असता देवीने तो दिव्य घटात ठेवून पूर्ण वाढविला, असे स्थलपुराण सांगते. सुखरूप प्रसूतीसाठी येथील अभिमंत्रित एरंडेल आजही श्रद्धेने नेले जाते.

पुराणातील घट गर्भाचा रक्षक ठरला. आपल्या स्वयंपाकघरातील घटाविषयी इतिहास काय सांगतो, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

तमिळ घरांत रसम्, म्हणजे आपले सार, ‘ईयच्चोंबु’ नामक मऊ, पांढऱ्या भांड्यात करण्याची जुनी रीत आहे. चिंचेचे पाणी पितळेत कळकते, कथिलात कळकत नाही. आपल्याकडे हेच काम कल्हई करी. परंतु कथील महाग आणि शिसे स्वस्त. दोन्ही मऊ, दोन्ही मंद आचेवर वितळणारी. तमिळमध्ये दोहोंसही ‘ईयम्’ म्हणतात: पांढरे ‘वेळ्ळीयम्’ ते कथील, काळे ‘कारीयम्’ ते शिसे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही दोहोंस एकच नाव देऊन श्वेत व कृष्ण असा भेद केला आहे. नावांत इतके सख्य असता बाजारात भेसळ न होती तरच नवल! भेसळीच्या भांड्यातील शिसे आंबट पदार्थात उतरते. त्याचा ना वास येतो, ना रंग दिसतो.

१७६७ साली जॉर्ज बेकर या इंग्रज वैद्याने डेव्हन प्रांतातील पोटशूळाचे मूळ सफरचंदाचे मद्य गाळण्याच्या यंत्रांतील शिशात दाखविले, तेव्हा त्याच्या वाट्यास रोषच आला. आज त्याहून गंभीर गोष्ट ठाऊक आहे. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते. गर्भारपणी आईच्या हाडांतील कॅल्शियम बाळासाठी उतरू लागले की त्यासोबत शिसेही रक्तात येते आणि वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते. मुलीने परकऱ्या वयात माहेरी खाल्लेले शिसे अशा रीतीने तिच्या बाळाच्या मेंदूस बाधू शकते. याची निर्धोक अशी मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायदा सावकाश आला. नीट कल्हई नसलेली तांब्यापितळेची भांडी १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी अन्नास अयोग्य ठरविली. पेट्रोलमधील शिसे २००० साली गेले. घरगुती रंगांत दर दशलक्ष भागांस ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तरी जुन्या भिंतींची खरवड अंगणातील मातीत पडते, आणि शिसे कुजत नाही की विरत नाही. देव्हाऱ्यातील पारंपरिक शेंदूर हाही शिशाचाच तांबडा ऑक्साइड होय.

बदलीच्या गावी नवा संसार मांडणाऱ्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते: कथिलाचे म्हणून घेतलेले भांडे प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, तोवर सार स्टेनलेस स्टीलच्या पातेल्यातच करावे. शेंदूर मुलांच्या हाती लागू देऊ नये. देवीच्या घटाची चिंता भक्तांस करावी लागली नाही. घरच्या घटाची मात्र आपणांसच केली पाहिजे.