मनाच्या शिक्षणाची पूर्वपीठिका

प्राथमिक शाळेतील मुलांना आपल्या मनाची ओळख करून द्यावी आणि भय, दुःख, क्रोध यांविषयी गुरुजींशी मोकळेपणाने बोलावयास शिकवावे, हा विचार १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमानंतर सरकारी दप्तरांत हळूहळू रुजला असला, तरी सातारा-सांगलीच्या भूमीत त्याची मुळे याहून पुष्कळ जुनी आहेत.

औंध संस्थानात, ज्याचा आटपाडी महाल आज सांगली जिल्ह्यात मोडतो, तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कारांचा शिरस्ता घातला. श्वास आणि मंत्र यांची जोड दिल्याने देहाबरोबर चित्तही स्थिर होते, ही त्यांची श्रद्धा होती. ती आदरणीयच होय. परंतु दरबारच्या हुकुमाने चालणाऱ्या या साधनेत मुलाने आपले दुःख बोलून दाखवावे, अशी जागा नव्हती.

ती जागा, माझ्या मते, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांनी निर्माण केली. दुधगावच्या वसतिगृहाचा अनुभव गाठीशी असलेल्या भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते ज्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले त्या वास्तूत, गावात ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई अशी मुले निरनिराळ्या जातिधर्मांच्या सोबत्यांबरोबर एकाच पंक्तीस बसून एकाच चुलीवरचे अन्न जेवू लागली. अपमान कोवळ्या मनात किती खोल रुततो आणि तो उपटून काढावयास रोजच्या सहवासावाचून दुसरे औषध कसे नाही, हे येथे कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून शिकविले जात होते. घरापासून दूर आलेल्या या लेकरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, प्रत्यक्ष मंगळसूत्रसुद्धा, देऊन टाकणाऱ्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९३० साली निवर्तल्या. मानसिक आरोग्याच्या इतिहासात त्यांचे नाव कोणी घेत नाही, ते घेतले पाहिजे. पुढे १९३५ साली साताऱ्यात भाऊरावांनी अध्यापक विद्यालय काढले आणि खेड्यांतील शाळांसाठी शिक्षक घडविण्याचे कार्य आरंभिले.

मनातील भय बोलून दाखविण्याची ही वाट पुढच्या काळातही चालू राहिली. साताऱ्यातच जन्मलेल्या व मिरजेस वैद्यक शिकलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभारली, तर त्यांच्या 'परिवर्तन' संस्थेने साताऱ्यात व्यसनमुक्तीचे आणि मानसिक आरोग्याचे काम चालविले. अंगात येणे, भानामती, भूतबाधा यांच्या भयाने ग्रासलेल्या माणसाला, मग तो बालक का असेना, मांत्रिकाच्या ओट्यावर न नेता त्याचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घ्यावे व वेळीच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, हा आग्रह या कार्याने धरला.