पाव मैलाची मशागत

ड्रॅग रेसिंग बाहेरून पाहणाऱ्याला फार सोपं वाटतं. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की सुटतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे 402 मीटर, आधी कापेल ती जिंकते. वळण नाही, ओव्हरटेक नाही. सर्वांत वेगवान गटातल्या गाड्यांना तर आता हजार फूटच धावू देतात आणि ते अंतर त्या चार सेकंदांच्या आत संपवतात. दर्दी माणसाला हे वर्णन अपमानास्पद वाटेल, पण प्रेक्षकाच्या पदरात पडतं ते एवढंच. त्या चार सेकंदांसाठी पट्टी तयार करणारी माणसं मात्र पहाटेपासून राबत असतात, आणि गावोगावच्या छोट्या पट्ट्यांवर त्यांतल्या अनेकांना एक पैसाही मिळत नाही. या खेळाचा इतिहास आजवर चालकांच्या आणि इंजिनांच्या नावाने लिहिला गेला. इथे झाडूवाल्यांच्या बाजूने तो पाहायचा आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियात तीन गोष्टी एकाच वेळी मुबलक झाल्या: युद्धावरून परतलेले, यंत्रावर हात बसलेले तरुण, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या, आणि वापराविना पडलेल्या धावपट्ट्या. तरुणांना आणि गाड्यांना धावपट्ट्यांपर्यंत न्यायला कोणी नव्हतं, म्हणून शर्यती भररस्त्यात होत. अपघात व्हायचे, वर्तमानपत्रं झोडपायची, पोलीस मागे लागायचे. 1950 साली सांता ॲना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर सी. जे. हार्ट आणि त्यांच्या साथीदारांनी तिकीट लावून नियमित शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे आजची एनएचआरए, स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून उचलून पट्टीवर आणायचं, हा तिचा पहिला हेतू.

हेतू कागदावर छान होता. अडचण अशी की पट्टी चालवायची कशी, हे कॅलिफोर्नियाबाहेर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. कॅलिफोर्नियातल्याच पोमोना या गावात तोड निघाली ती पोलिसांकडून. तिथले पोलीसप्रमुख राल्फ पार्कर यांनी तरुणांना नुसतं पकडत बसण्यापेक्षा जागा मिळवून द्यायचं ठरवलं आणि त्यांचे सार्जंट बड कून्स स्थानिक क्लबच्या पोरांबरोबर कामाला लागले. एप्रिल 1953 मध्ये एनएचआरएची पहिली अधिकृत शर्यत झाली ती पोमोनालाच, जत्रेच्या मैदानाच्या पार्किंगमध्ये. ज्या हवालदाराने चलन फाडायचं त्यानेच स्टार्टलाइन आखून द्यायची, हे दृश्य आपल्याकडे कल्पनेतही आणणं अवघड आहे.

1954 मध्ये पार्क्स यांनी कून्स यांना पोलिसाच्या नोकरीतून थेट दौऱ्यावर काढलं. सोबत तिघे दिले. चिक कॅनन गाड्यांची तपासणी करायचे, बड इव्हान्स ध्वनिक्षेपक सांभाळायचे आणि एरिक रिकमन फोटो काढायचे. एक स्टेशन वॅगन, तिच्यामागे एक ट्रेलर, ट्रेलरमध्ये वेळ मोजायची यंत्रं, कर्णे आणि वायरींची भेंडोळी. या चौघांच्या फिरत्या पथकाचं नाव होतं ‘ड्रॅग सफारी’. अमेरिकेतल्या एका गावातून दुसऱ्या गावात हे जायचे आणि तिथल्या क्लबच्या पोरांना हाताशी धरून शर्यत उभी करून दाखवायचे.

या पथकाचं मोठेपण शर्यत भरवण्यात नव्हतं, असं मला वाटतं. शर्यत एका दिवसात संपते. त्यांनी मागे ठेवली ती कामाची पद्धत. प्रेक्षक पट्टीपासून किती लांब उभे करायचे, परतीचा रस्ता वेगळा का हवा, गाडीचं ब्रेक आणि स्टिअरिंग तपासल्याशिवाय तिला आत का सोडायचं नाही, पट्टी संपल्यावर थांबायला किती मोकळी जागा लागते, रुग्णवाहिका कुठे उभी करायची. ‘आपलं ठरवून घेऊ’ या बोलीवर चालणाऱ्या शर्यतींना यातून नियम मिळाले. नगरपालिकांची आणि विमा कंपन्यांची खात्री पटली तीही यामुळेच. सफारी गेल्यावर ट्रेलर नव्हता, पण गावातल्या दहा-वीस जणांना काम समजलेलं होतं. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या पट्ट्यांचा पाया इथे घातला गेला.

1955 साली पार्क्स यांनी राष्ट्रीय स्पर्धा घ्यायचं ठरवलं. चारही दिशांनी येणाऱ्यांना सारखंच अंतर पडावं म्हणून त्यांनी देशाच्या मध्यावरचं गाव निवडलं: कॅन्सस राज्यातलं ग्रेट बेंड. गव्हाचा मुलूख, आर्कान्सा नदीचं मोठं वळण, आणि गावाबाहेर युद्धकाळात बांधलेला काँक्रीटच्या लांबलचक धावपट्ट्यांचा विमानतळ. या विमानतळाचा आपल्याशी एक विसरलेला संबंध आहे. 1943-44 मध्ये बी-29 या प्रचंड बॉम्बफेकी विमानांवर 444 व्या बॉम्बर्डमेंट ग्रुपचं प्रशिक्षण इथेच झालं आणि इथून तो ग्रुप थेट हिंदुस्थानात, बंगाल-बिहारच्या सीमेवरच्या चर्रा तळावर आणि नंतर दुधकुंडीला गेला. ज्या काँक्रीटवरून ती विमानं भारताच्या दिशेने उडाली, त्याच विमानतळावर अकरा वर्षांनी पोरं फोर्ड आणि कॅडिलॅकची इंजिनं तापवत उभी होती.

सप्टेंबरच्या अखेरीस स्पर्धा सुरू झाली. लॉइड स्कॉट यांच्या ‘बसल बॉम्ब’ या दोन इंजिनांच्या गाडीने ताशी 151 मैलांचा वेग गाठला. 150 चा टप्पा तोवर कोणी ओलांडला नव्हता. आणि मग पाऊस आला. ड्रॅगच्या टायरना नक्षी नसते, ते गुळगुळीत असतात, त्यामुळे ओली पट्टी म्हणजे गाडी उलटण्याचं आमंत्रण. अंतिम फेऱ्या घेताच आल्या नाहीत. त्या नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनातल्या पेरीव्हिल इथे झाल्या आणि विजेतेपद कॅल्विन राइस यांना मिळालं. पहिल्यावहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचा निकाल दुसऱ्याच राज्यात लागला, याचं त्या गावाला किती वाईट वाटलं असेल!

स्पर्धा पुढे ग्रेट बेंडला परतली नाही. कॅन्सस सिटी, ओक्लाहोमा सिटी, डेट्रॉइट असं फिरत 1961 पासून ती इंडियानापोलिसला स्थिरावली. सफारीची फिरती गाडीही 1956 नंतर थांबली, कारण शिकवायचं ते शिकवून झालं होतं. नाव मात्र टिकलं. आज एनएचआरएच्या मोठ्या स्पर्धांमध्ये पट्टी तयार करणारं आणि अपघात झाल्यास धावून जाणारं पथक ‘सेफ्टी सफारी’ याच नावाने ओळखलं जातं. ते पगारी आणि सुसज्ज आहे. छोट्या गावांत तेच काम सुट्टीच्या दिवशी येणारे मेकॅनिक, शेतकरी आणि शिक्षक करतात.

काम नेमकं काय असतं? शेतात मशागत जशी पेरणीच्या कितीतरी आधी सुरू होते तशी इथेही. आधी पट्टी झाडायची. यंत्राने झाडून झाल्यावर माणसं रांगेत चालत खडे, नट, वायरचे तुकडे वेचतात, कारण ताशी दोनशे मैलांवर एक नट पुरेसा असतो. मग जुनं रबर पाहायचं. गेल्या शर्यतीत टायरांनी सोडलेला थर पक्का बसला असेल तर तो हवाच असतो, त्याच्यावरच नवं टायर पकड घेतं. पण थर जाड होऊन सुटू लागला, त्याच्या गोळ्या वळू लागल्या, की तो खरवडून काढावा लागतो. स्टार्टलाइनजवळ हे काम अजूनही लांब दांड्याच्या खरवडण्यांनी, कमरेत वाकून होतं. भर उन्हात हे करणाऱ्याच्या पाठीला विचारावं.

यानंतर येतं ते द्रावण. पट्टीवर चिकटपणा आणणारं हे रसायन पातळ करून ट्रॅक्टरमागच्या नळ्यांतून फवारतात. किती पातळ करायचं हे ऊन, वारा आणि काँक्रीटचं तापमान पाहून ठरतं. फवारा वाळला की दुसरा ट्रॅक्टर येतो. त्याच्यामागे जुन्या गुळगुळीत टायरांचा वजनदार सांगाडा जोडलेला असतो. तो पट्टीवरून घासत, खरडत ओढतात, म्हणजे टायरांचं रबर द्रावणात मिसळून काँक्रीटला धरतं. पुन्हा फवारा, पुन्हा ओढणी. दोन्ही मार्गिकांवर अगदी सारखं. एका बाजूची पकड जरा जास्त झाली की दिवसभर भांडणं. ‘डावी लेन चांगली, उजवी वाईट’ हा ड्रॅगच्या जगातला सर्वांत जुना तंटा आहे, आणि त्याचा निवाडा करायला कोणी न्यायाधीश नसतो. शिव्या पट्टीवाल्यालाच खाव्या लागतात.

तयार पट्टीवर चालून पाहिलं तर बूट चिकटतो. नाडी सैल असेल तर बूट तिथेच राहतो आणि पाय पुढे जातो. हल्ली पकड मोजायला उपकरणं आली, काँक्रीटचं तापमान दुरून टिपणाऱ्या बंदुका आल्या, तरी जुना स्वयंसेवक आधी बुटाने पाहतो. स्टार्टलाइनपासूनचे पहिले साठ फूट त्याला सगळ्यात महत्त्वाचे. तिथे चाक सरकलं तर पुढे कितीही ताकद असून उपयोग नाही. त्या साठ फुटांत गमावलेला वेळ शेवटच्या रेषेपर्यंत वाढत जातो.

एवढं करून दिवस सुरळीत जाईलच असं नाही. इंजिन फुटलं की गरम तेल पट्टीवर पसरतं. चालकासाठी ते पाच सेकंदांचं दुर्दैव, पट्टीवाल्यांसाठी पुढच्या पाऊण तासाची मजुरी. शोषक पावडर टाकायची, झाडायची, रसायनाने पुसायची, वाळवायची, पुन्हा द्रावण, पुन्हा ओढणी. प्रेक्षक तोवर शीतपेय घेऊन येतात आणि कर्ण्यावरून निवेदक वेळ काढत असतो. रात्रीच्या शर्यतींत दव हा शत्रू. हवेतला ओलावा काँक्रीटवर उतरू लागला की पट्टीप्रमुख हात वर करतो आणि कार्यक्रम संपतो. त्या वेळी गर्दीचं ऐकायचं नाही, एवढं कडक त्याला व्हावंच लागतं.

लोकांच्या बळावर उभ्या राहिलेल्या सगळ्याच पट्ट्या टिकल्या असं नाही. लॉस एंजेलिसच्या बंदराजवळ विल्मिंग्टनमध्ये लायन्स क्लबांनी 1955 मध्ये सुरू केलेली ‘लायन्स ड्रॅग स्ट्रिप’ याचं ठळक उदाहरण. आपल्याकडे लायन्स म्हटलं की नेत्रशिबिर आठवतं. तिथे त्यांनी पोरांना रस्त्यावरून हटवायला धावपट्टीच बांधली, मिकी थॉम्पसन यांना व्यवस्थापक नेमलं, आणि पुढे सांता ॲनावाले हार्ट यांनीही ती सांभाळली. याच पट्टीवर 1970 मध्ये डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटून त्यांचं अर्धं पाऊल गेलं. रुग्णालयातून बाहेर पडून त्यांनी इंजिन चालकाच्या मागे बसवलेली गाडी घडवली आणि या खेळाची रचनाच बदलली. एवढा इतिहास असूनही डिसेंबर 1972 मध्ये ती पट्टी बंद झाली. जमीन बंदराची होती, शेजारी वस्ती वाढली होती, आणि आवाजाच्या तक्रारींपुढे उत्साहाचं काही चालत नाही.

काही पट्ट्या मात्र तगल्या. इंग्लंडमधली सांता पॉड पट्टी 1966 मध्ये पॉडिंग्टनच्या जुन्या हवाईतळावर सुरू झाली आणि आजही चालू आहे. ग्रेट बेंडची पट्टीही टिकली. तिच्या आसपास गव्हाखेरीज फारसं काही नाही, हे तिचं नशीब. पण नुसत्या नशिबावर काँक्रीट टिकत नाही. ‘सनफ्लॉवर रॉड अँड कस्टम असोसिएशन’ हा स्थानिक क्लब ती चालवतो. तिकीट खिडकी, तपासणी, परतीचा रस्ता, वेळेच्या चिठ्ठ्या, भेगा बुजवणं, गवत कापणं, कचरा उचलणं, सगळं सभासदांच्या अंगावर. अशा क्लबांपुढचा खरा प्रश्न पैशांचा कमी आणि वयाचा जास्त आहे. खरवडणी हातात धरणारे साठीच्या पुढचे आणि पोरांना गाडी चालवायची असते, झाडायची नसते. आपल्या गणेशोत्सव मंडळात वर्गणी मागायला जाणाऱ्यांची जी टंचाई आहे, तीच तिथे आहे.

भारतातही युद्धकाळातल्या धावपट्टीने मोटार शर्यतींना जागा दिली. 1953 मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने शोलावरमच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षं शर्यती भरवल्या आणि नंतर इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक उभा केला. क्लबच्या सभासदांनी राबून शर्यत उभी करायची, ही परंपरा मद्रासने जपली. महाराष्ट्रात ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग स्पर्धा ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरते. तिथे कोट्यवधींच्या गाड्या येतात, तरुणांची गर्दी होते, मोबाइलवर व्हिडिओ निघतात. त्याच वेळी मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर रात्री बाइकच्या शर्यती लागतात आणि पोलीस नाकाबंदी करतात. 1950 च्या कॅलिफोर्नियातली अडचण आपल्या दारात उभी आहे. पोमोनाच्या राल्फ पार्कर यांच्यासारखा पोलीस अधिकारी आणि वर्षभर एकच पट्टी सांभाळणारा क्लब यांची गाठ आपल्याकडे अजून पडायची आहे.

तोवर एक करता येईल. पुढच्या वेळी ड्रॅगच्या स्पर्धेला जाल तेव्हा पहिल्या शर्यतीच्या दोन तास आधी पोहोचा. गाड्यांचे फोटो नंतरही मिळतील. पट्टीवर झाडू, फवारा आणि थर्मामीटर घेऊन फिरणाऱ्यांपैकी एखाद्याला गाठा आणि मदतीला माणूस हवा आहे का, ते विचारा. बहुतेक ठिकाणी हवाच असतो.