पोहऱ्याच्या वाटेवरची कवडी

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला आम्हा बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या समाधीचं दर्शन झालं, की मी बायकांच्या फेटिया-कांचळीवरच्या, म्हणजे घागरा-चोळीवरच्या, कवड्या बघत राहते. आमच्या तांड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगावरही त्या असायच्या. समुद्र इथून कितीतरी लांब, आणि कवडी तर समुद्रातल्या गोगलगायीचं कवच!

चलन म्हणून चाललेल्या कवड्यांचं मोठं आगर मालदीव. कवडीची अळी पाण्यात तरंगत वाढते. पावसाळी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे आणि हिवाळ्यात पश्चिमेकडे वळणारे हिंदी महासागराचे प्रवाह तिला दूर नेतात. प्रवाह जोडतो तिथे वंश मिसळतात, तोडतो तिथे वेगळे पडतात.

पुढचा प्रवास माणसांनी घडवला. मालदीवचे लोक कवड्या देऊन बंगालचा तांदूळ घेतात, हे प्रवासी इब्न बतूताने चौदाव्या शतकातच नोंदवलं. देशाच्या आत माल बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून फिरे. १६३२ मध्ये इंग्रज प्रवासी पीटर मंडीला धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला होता. मीठही असंच जायचं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, रस्ते झाले, लदेणी, म्हणजे बैलांवरची ही मालवाहतूक, मोडली. कवडी बाजारातून गेली, कांचळीवर राहिली.

आमच्या इतिहासात बंजाऱ्यांनी फौजांना पुरवलेली रसद आवर्जून सांगतात. बायकांच्या अंगावरचा हा समुद्र मला त्याआधी सांगावासा वाटतो. पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालय उघडलं. तिथे कवडीच्या या सागरी वाटेचा एक नकाशा लागायला हवा.